अण्णांचं रंधा मशीन आणि माझं शुद्ध मराठी

चहा हातात घेतलात ना? मग ऐका. मी माझ्या जिवंत वडिलांना श्रद्धांजली वाहायला लावली. साऱ्या ओळखीपाळखीच्यांना! आणि हे घडलं निव्वळ माझ्या शुद्ध मराठीमुळे. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवतेय मी. बोला आता!

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत सुतारकामाचा कारखाना. आता वय ब्याऐंशी. गुडघे गेले, भुशानं खोकला होतो, म्हणून दोन वर्षं कुलूपच होतं. लहानसहान मशीनं एकेक करून गेली. राहिलं ते रंध्याचं मोठं मशीन. खडबडीत फळी इकडून घाला, तिकडून गुळगुळीत होऊन येते. अण्णांनी ते ऐन तरुणपणी घेतलेलं.

जागा सोडायची होती, म्हणून मी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं मशीनवर बुटाची एक ठोकर मारली आणि किलोचा भाव सांगितला. अण्णांनी ती जागा बाहीनं पुसली. घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "नंदे, लोखंडाचं वजन झालं. कामाचं कोण करणार?"

मी फोनच हातात घेतला. म्हटलं, "अण्णा, तुम्ही काळजी करू नका. मी असा मेसेज लिहिते, की मशीन चांगल्याच हातात जाईल."

आणि लिहिला, शनिवारी संध्याकाळी! 'पन्नास वर्षे अखंड राबले. कधी कुरकूर केली नाही. स्वतः झिजले, पण शेकडो घरांना दारे-खिडक्या दिल्या. आता जड अंतःकरणाने निरोप देण्याची वेळ आली आहे. रविवारी सकाळी दहा वाजता कारखान्यावर यावे.' खाली आणखी बराच मजकूर, आणि अगदी शेवटी मशीनची माहिती.

आलं का लक्षात? बोलताना आपण 'मशीन राबलं' म्हणतो. पण मी पडले मराठीची बाई! मी लिहिलं 'राबले'. आता मशीनही राबले आणि अण्णाही राबले! त्यात फोनवर लांब मेसेजच्या वरच्या चार ओळीच दिसतात. पुढचं उघडून वाचतो कोण? फोटो लावला तोही खंडेनवमीचा. झेंडूचा हार घातलेला मशीनला, पण अण्णा मशीनमागं असे उभे, की हार त्यांच्याच गळ्यात दिसत होता.

पाच मिनिटांत उत्तरं सुरू. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'कर्मयोगी गेला!' मी अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हटलं, "बघा, लोकांना मशीनची केवढी कदर!" अण्णांनी चष्मा काढून डोळे पुसले.

आमच्या जुन्या शेजारीण शिंदेकाकूंनी विचारलं, 'शेवटी फार त्रास झाला का?'

मी उत्तर दिलं, 'नाही हो. दोन वर्षे पडूनच होते. थोडी घरघर होती, तेल घातल्यावर थांबली.'

तेल घातल्यावर! काकूंना वाटलं, वैद्याचा काही उपचार असेल.

रविवारी दहाच्या आधीच अकरा माणसं दारात. सगळी पांढऱ्या कपड्यांत. मला वाटलं, उन्हाचे दिवस आहेत. अण्णा आत मशीनला तेलपाणी करत होते. काकूंनी मला मिठीच मारली. "नंदा, दर्शन मिळेल का गं?"

"मिळेल की! आतच आहे. पुसूनबिसून ठेवलंय. चालू करून दाखवायला सांगते!"

काकूंचं रडं थांबलं. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "दुःखानं असं होतं, बाळा. पाणी पी जरा."

तेवढ्यात आत मशीन घरघरलं, आणि हात पुसत अण्णा बाहेर आले!

काकू किंचाळून फळ्यांच्या ढिगावर बसल्या. अण्णांनी पांढरे कपडे पाहिले, एकाच्या हातातला हार पाहिला, आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "कोण गेलं गं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कुठं बघू?

हार घेऊन आलेला माणूस म्हणजे रामदास. आठ वर्षं अण्णांच्या हाताखाली होता, आता सटाण्याला स्वतःचं दुकान. पहाटेची बस धरून आलेला. त्यानं हार तिथंच टाकला आणि अण्णांचे पाय धरले. "अण्णा, तुम्ही शेतस! जित्ता शेतस!" तुम्ही जिवंत आहात, असं आपल्या बोलीत म्हणाला, आणि ढसाढसा रडायला लागला. अण्णांना त्याला उठवता येईना आणि स्वतःला खाली वाकता येईना.

मग चहा झाला. हसूही झालं, माझं. पण माणसं मनात काही घेऊन आलेली होती, ते बोलल्याशिवाय उठेनात. काकू म्हणाल्या, "घरात पैसा नव्हता, तेव्हा लेकीच्या लग्नाचं कपाट तुम्ही सहा महिन्यांच्या उधारीवर दिलंत. मी कुणाला बोलले नव्हते आजवर."

रामदासनं दोन्ही पंजे पुढं धरले. "माझा हात ह्याच रंध्यात चालला होता, अण्णा. तुम्ही मागं ओढलं. ही दहाच्या दहा बोटं तुमची हायत."

अण्णा मान खाली घालून ऐकत होते. बापाला इतकं सुखात मी कधी पाहिलं नव्हतं.

"मशीनचं काय करताय?" रामदासनं विचारलं.

"भंगारवाला किलोवर मागतोय," मी सांगितलं.

"मला द्या. भाव तुम्ही सांगा."

अण्णांनी कप खाली ठेवला. "तुझ्याकडं कामाला किती जण?"

"चार."

"चाळीस बोटं झाली. तेवढी सांभाळ. हाच भाव. आणि तो हार उचल, मशीनला घाल."

बुधवारी टेम्पो आला. मशीन चढवताना अण्णा शेवटपर्यंत उभे राहिले, गुडघे दुखत असून. टेम्पो वळणाआड गेला तरी हलले नाहीत. घरी येऊन मात्र दोन भाकरी जेवले.

हात धुताना म्हणाले, "नंदे, मी खरोखर जाईन ना, तेव्हा मेसेज तू लिहू नकोस हां."

मी शरमून म्हटलं, "नाही हो अण्णा, पुन्हा अशी चूक नाही व्हायची."

"तसं नाही गं," अण्णा म्हणाले. "मशीन समजून लोक टेम्पो घेऊन यायचे."