पाठ लागल्यानंतरची कुस्ती

ऐका हो ऐका! गावात मागे राहिलेल्या, सुरतेत डिंडोलीला स्थायिक झालेल्या आणि भेस्तानला सोयरिकी केलेल्या तमाम भावकीला अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते, की आपल्या गावच्या नामांकित पहिलवानाची एकुलती एक लेक सुनंदा, वय सेहेचाळीस, गुडघे किंचित कुरकुरे, ही गेल्या गुरुवारी दक्षाबेन नावाच्या गुजराती बाईकडून चारचौघांत चितपट झाली. दुखवटा पाळू नये. खुद्द मृतात्मा गादीवर उताणा पडून हसत होता.

आता पहिल्यापासून सांगते. लग्नानंतर मी सुरतेला निघाले ती दोंडाईच्याच्या स्टेशनावरून. नवरा डब्यात जागा धरायला पुढे पळालेला. आईचं रडणं असं जोरात, की चहावाल्याने तिला फुकट चहा दिला. आबा मात्र खिडकीशी ताठ उभे. बाकीचे बाप अशा वेळी डोक्यावरून हात फिरवतात. आमच्या आबांनी माझा खांदा दाबून पाहिला, बैलबाजारात पाहतात तसा, आणि म्हणाले, "पाठ लागू देवानी नही, माय."

गंमत बघा. ज्या माणसाने मला तालमीच्या उंबऱ्याला कधी पाय लावू दिला नाही, कारण तिथे पोरींचं काय काम, त्याने निरोप दिला तो पहिलवानाला देतात तो. पाठ मातीला लागली की कुस्ती गेली. संपला विषय.

मी तो निरोप फारच मनावर घेतला. बमरोलीतली पहिली खोली, भिंतीपलीकडे दिवसरात्र मागांची खटखट, मला गुजराती येत नाही, भाजीवाल्याला हिंदी येत नाही. मेथी मागायला मी हाताने शेत पेरून दाखवलं, तेव्हा त्याने मला पालक दिला. गावाकडून फोन आला की मी छाती काढून सांगायची, "एकदम मजेत." नवऱ्याचा माग बंद पडला तेव्हा मजेत. मी घरी साड्यांना लेस लावायला लागले तेव्हाही मजेत. फोन ठेवला की त्याच साड्यांच्या ढिगात तोंड खुपसून रडायचं. जरीच्या साडीत रडू नये, बायांनो, गाल सोलून निघतात.

लेस लावून लावून माझी मान बगळ्यासारखी पुढे आली, तेव्हा लेक निकिता मला सोसायटीच्या हॉलमध्ये घेऊन गेली. तिथे एक कोच संध्याकाळी बायकांना ग्रॅपलिंग शिकवतात. नाव इंग्रजी असलं तरी घाबरू नका. धरायचं, पाडायचं, खाली दाबून ठेवायचं, म्हणजे कुस्तीच, फक्त माती नाही, गादी. आणि सुटका हवी असेल तर समोरच्याच्या अंगावर हलकेच थापट्या मारायच्या. कोचने हा नियम आधी सांगितला होता म्हणे. गुजरातीत. भरभर.

पहिल्याच दिवशी माझ्यातलं पहिलवानाचं रक्त असं उसळलं, की मी दक्षाबेनची मान बगलेत धरली आणि सोडेचना. तिने माझ्या पाठीवर थापट्या मारल्या. आता सांगा, आपल्याकडे पाठीवर थाप मारली तर अर्थ काय होतो? शाब्बास! मला वाटलं, किती मोठ्या मनाची बाई, हरतानाही कौतुक करते आहे. मी आणखी आवळलं. तिने आणखी जोरात शाब्बासकी दिली. शेवटी निकिता किंचाळली, "मम्मी, छोड ने! ए हारी गया!" दक्षाबेन लाल-जांभळी होऊन उठली, खोकली आणि म्हणाली, "बेन, तमे तो मारी नाखशो!" म्हणजे जीवच घ्याल. तेव्हापासून ती माझी जिवाची मैत्रीण आहे. तिच्या हातचे मुठिया मिळतात ते वेगळंच.

थापटी मारायला शिकणं मला सगळ्यात जड गेलं. पाडायला आठवड्यात शिकले, पडायलाही शिकले. पण स्वतः अडकले की दात-ओठ खात पडून राहायची. डोळ्यांपुढे काजवे, तरी हात हलायचा नाही. कोच रोज तेच सांगायचे. पाठ टेकली की घाबरायचं नाही, आधी श्वास. मग हनुवटी आत, कोपरं अंगाशी, कंबर बाजूला सरकवायची. नाही जमलं तर थापटी मारायची, उठायचं, पुन्हा तेच. मन घट्ट करायचं म्हणजे दात आवळायचे, असं मला वाटायचं. इथे कळलं, की आधी दात सोडायचे. आणि इथे पाठ टेकली की कुस्ती संपत नाही, तिथूनच सुरू होते! हे मला दोंडाईच्याच्या स्टेशनावर कुणी सांगितलं असतं, तर माझ्या गालांचं किती नुकसान वाचलं असतं.

आणि मग आबांचा विषय आला.

आई गेल्यापासून आबा गावात एकटे. या थंडीत ते अंगणात घसरून पडले आणि सकाळपासून दुपारपर्यंत तसेच पडून राहिले. शेजार चार पावलांवर. मी फोनवर ओरडले, "आबा, हाक का नाही मारली?" म्हणाले, "पाठ लागेल व्हती ना, माय." उताणा पडलेला पहिलवान कुणी पाहू नये म्हणून!

त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, यांना आता एकटं ठेवायचं नाही. मिनतवाऱ्या करून त्यांना सुरतेला आणलं. आले, पण पाहुण्यासारखे. पिशवी दाराशीच ठेवली, कपडे कपाटात ठेवू दिले नाहीत. "आंडेरना घर बाप कितला दिन ऱ्हास?" हा एकच धोशा. लेकीच्या घरी बाप राहत नसतो, राहिला तर ती हारच. मी रडून पाहिलं, नवऱ्याने समजावून पाहिलं, निकिताने तर गुजराती, हिंदी, मराठी तिन्ही भाषांत भांडून पाहिलं. गुरुवारी दुपारी त्यांनी जाहीर केलं, "सकाय जास मी." म्हणजे उद्याच, पहिल्या गाडीने. तिकडे पुन्हा पडले तर पुन्हा हाक मारणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी मी त्यांना हॉलमध्ये नेऊन खुर्चीवर बसवलं.

गावची आणि सुरतेची मंडळी मला अजून विचारतात, तुझं घर नेमकं कुठलं. पूर्वी मी पटकन गावाचं नाव सांगायची. आता वाटतं, जिथे पडल्यावर लाज न वाटता हाक मारता येते, ते घर. या हिशोबाने आबांना तर गावातही घर नव्हतं.

दक्षाबेनने मला पहिल्या मिनिटात उचलून आपटलं. आबांनी चक्क टोपी डोळ्यांवर ओढली. मी श्वास घेतला, कंबर सरकवली, नाही जमलं. थापटी मारली. दक्षाबेनने तत्क्षणी सोडलं, हात देऊन उठवलं, माझ्या तोंडावर आलेले केस कानामागे सारले. कोच म्हणाले, "फरीथी." पुन्हा. पुन्हा आपटले, पुन्हा हात मिळाला. कुणी हसलं नाही, कुणी कीव केली नाही. आबांची टोपी हळूहळू वर गेली. मग ते खुर्चीच्या कडेला आले. मग खुर्ची सुटली. वहाणा काढून गादीच्या काठाशी उकिडवे बसले, आणि मी खाली अडकले की त्यांची स्वतःची कंबर बसल्या जागी सरकायला लागली.

शेवटच्या डावात मी सुटले. कशीबशी, पण सुटले. लगेच पुढच्या क्षणी दक्षाबेनने मला पुन्हा लोळवलं. कोचने घड्याळ पाहून टाळी वाजवली, बायका ओढण्या शोधायला लागल्या, आणि आबा गादीच्या काठावरून हॉलभर ऐकू जाईल असं ओरडले, "ओ मास्तर! इले सकायबी पाडा, मी येस देखाले!"