बाबलीनं घातलेलं लढाईचं गाऱ्हाणं

आमच्या पेडण्याकडे राष्ट्रोळीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं काम चाळीस वर्षं बाबलीकडे आहे. त्यानं गावाच्या वतीनं देवाला मोठ्यानं सांगायचं आणि मंडळींनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा!" ओरडायचं. काय सांगितलं ते ऐकायची कुणाला सवयच नाही. एकदा तो चुकून "माझी म्हस चोरणाऱ्याक सुखी ठेव" म्हणाला, तरी "व्हय म्हाराजा!"

यंदा टीव्हीवर लढाई लढाई सुरू झाली. बाबलीचा नातू सिद्धेश सरहद्दीवर, नऊ दिवस त्याचा फोन नाही. म्हातारा मोबाईल कनवटीला लावून फिरत होता. गावात मात्र लग्नघरासारखा उत्साह.

मांद्र्याला गेस्टहाऊस चालवणारा, साईशचा बाप रुद्रेश गळ्यातल्या तीन माळा सावरत आला. "बाबलीभाऊ, देवाक कौल लावया! मूर्तीची उजवी कळी पडली की देवाचो होकार, मगे धर्मयुद्ध!"

मागोमाग निवृत्त प्राध्यापक विशाल सर. "ही अंधश्रद्धा! युद्धाचा निर्णय विवेकानं व्हावा. मी वीस पानी निवेदन लिहिलंय." त्यात शांती होती, मानवता होती, चार परदेशी पंडितही होते.

बाबली म्हणाला, "माझ्या नातवाचां नांव काय?"

रुद्रेश अडखळला. "आपलो... शूर जवान!"

सर म्हणाले, "प्रश्न व्यक्तीचा नाही, तत्त्वाचा आहे."

"बरां. पण गाऱ्हाण्यात नांव लागता."

सोमवारी देऊळ भरलं. सर तत्त्वापोटी दाराबाहेर उभे. बाबलीनं हात जोडले.

"हे बा राष्ट्रोळ्या म्हाराजा! रुद्रेशाक लढाय होयी. तेचो झील साईश पणजेक एसीत बसता, तेका सिद्धेशाच्या बाजूक उभो कर!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज रुद्रेशचाच.

सर बाहेर खो खो हसले.

"विशाल सराक शांती होयी. तेंका वीस पानां घेवन दोनय फौजांच्या मदीं बसय!"

"व्हय म्हाराजा!"

सरांचं हसू तिथंच विरलं. रुद्रेशला आता उमगलं. "अरे, माझो एकलो झील! गाऱ्हाणां पाठी घे!"

"देवासमोर तूच व्हय म्हणलंस मरे. आता लावया कौल?"

"नको, नको!"

दारातून सर पुटपुटले, "अंधश्रद्धाच ती... पण माझं नाव वगळा."

बाबली देवाकडे वळला. "म्हाराजा, सिद्धेश बाबलीचो नातू. तेका सुखरूप घराक हाड."

कुणीच व्हय म्हणेना. चाळीस वर्षांत मंडळी पहिल्यांदाच कान देऊन ऐकत होती. आता व्हय म्हटलं तर सिद्धेशच्या जागी आपल्या कुणाला जावं लागेल, याचा हिशेब प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होता.

बाबलीनं थोडी वाट पाहिली. मग कनवटीचा मोबाईल मुठीत धरून एकट्यानंच म्हटलं, "व्हय म्हाराजा."