खालांचे राहिलेले क्लास

मी कात्रजला बायकांना गाडी शिकवते. गाडी माझीच, डाव्या बाजूला माझ्या पायाशी वेगळा क्लच-ब्रेक बसवून घेतलाय. माझ्या हाताखाली शिकलेल्या बायका आज पुणेभर हॉर्न वाजवत फिरताहेत. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

पहिलं बाळ चौथ्या महिन्यात गेलं. सोनोग्राफी करताना डॉक्टर एकदम गप्प झाल्या, तेव्हाच मला कळलं. घरी जो येईल तो म्हणायचा, "वय आहे अजून, होईल दुसरं." जे गेलं, त्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नव्हतं. मी दहाव्या दिवशी पुन्हा गाडीत जाऊन बसले. तिथं बरं होतं. शिकणारीचं सगळं लक्ष गिअरवर. माझ्या चेहऱ्याकडे बघायला तिला फुरसत नसते. सिग्नलला थोडं रडून घ्यायचं आणि हिरवा झाला की म्हणायचं, "क्लच हळू सोडा."

दीड वर्षानं मुलगी झाली. तीन किलोची, आणि आवाज असा की समोरच्या बिल्डिंगनं खिडक्या लावाव्यात. सगळे खूश होते. मलाही व्हायचं होतं. पण तिसऱ्या आठवड्यात एक विचार आला: आपल्या हातून ही बाल्कनीतून पडली तर? तो आला आणि गेलाच नाही. मग रोज नवा. अंघोळीचं पाणी, जिना, सुरी. मी बाल्कनीला कडी घातली. सुऱ्या माळ्यावर टाकल्या आणि सासूबाईंना सांगितलं, "धार लावायला दिल्यात." बाळाला पाजण्यापुरतं घ्यायचं, की लगेच त्यांच्या मांडीवर. नवऱ्याला वाटलं, मी दमलेय. मला वाटायचं, हे कुणाला कळलं तर मुलीला माझ्यापासून काढून घेतील.

अशात एका सकाळी बेल वाजली. दारात खाला. शिलाईचं दुकान चालवणाऱ्या, पंचावन्न वर्षांच्या माझ्या विद्यार्थिनी. आईच्या वयाच्या, पण मला मॅडम म्हणायच्या. बाळंतपणामुळे त्यांचं शिकणं अर्धवट राहिलं होतं.

"मॅडम, माझे सहा क्लास राहिलेत."

"दुसरीकडे सर आहेत ना, खाला."

"ते ओरडतात. तुम्ही नुसते उसासे टाकता. मला उसासे चालतात."

बाळासाठी झबली शिवून आणली होती. सासूबाई चहा टाकायला आत गेल्या. खालांनी बाळाआधी मला नीट न्याहाळलं. "झोप लागते का?"

"नाही."

"काय होतंय?"

इतके दिवस गिळलेलं मी सगळं सांगून टाकलं, सुऱ्यांसकट. त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला तिचं काही वाईट करायचं असतं तर तुम्ही सुऱ्या लपवल्या असत्या का? पण हे माझ्या हातचं काम नाही, मॅडम. याला डॉक्टर पाहिजे. सासूबाईंना सांगूया?"

मी हो म्हटलं. सासूबाईंनी चहाचा कप हातात धरूनच सगळं ऐकलं. "तरीच," त्या म्हणाल्या, "सुरीला दोन आठवडे कोण धार लावतं?" मग कप ठेवून माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू जा. बाळाला मी बघते."

बाळंतपण केलेल्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंची त्याच दुपारची वेळ मिळवून दिली. नवरा ऑफिसातून थेट तिथं येणार होता. मी रिक्षा बोलवायला लागले, तर खाला म्हणाल्या, "गाडी खाली धूळ खातेय. एक क्लास आत्ताच उरकून टाकू."

कात्रजहून बिबवेवाडीला पोचायला आम्हाला पाऊण तास लागला. गाडी चढावर तीनदा बंद पडली. मागून बस हॉर्न देत होती. खाला मान न वळवता म्हणाल्या, "वाजवू दे, त्याचा हॉर्न चांगला आहे." मी हसले. किती दिवसांनी, कोण जाणे.

डॉक्टर म्हणाल्या, "विचार येणं वेगळं आणि तसं करावंसं वाटणं वेगळं. तुम्ही त्या विचारांना घाबरता, ते टाळायला धडपडता. हा आजार आहे, यावर औषध आहे." मग त्यांनी पहिल्या बाळाबद्दल विचारलं. मी बोलायच्या आत नवरा बोलला. त्या बाळाच्या सोनोग्राफीचा फोटो त्यानं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता. मला माहीतच नव्हतं. आम्ही दोघं तिथंच रडलो आणि डॉक्टरांनी शांतपणे टिश्यूचा डबा पुढं सरकवला.

अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या सुरू झाल्या आणि दर आठवड्याला बोलायला जाणं. लगेच काही बदललं नाही. मधे एक आठवडा तर फारच वाईट गेला. पण दोन महिन्यांनी मी मुलीला स्वतः अंघोळ घातली. सासूबाई दारात पेपर वाचायचं नाटक करत बसल्या होत्या. मी नखशिखान्त भिजले, मुलगी किंचाळत होती, आणि पेपरामागून आवाज आला, "कानामागं साबण राहिलाय."

खाला पहिल्या परीक्षेत रिव्हर्सला नापास झाल्या, दुसऱ्यांदा पास. मुलगी आता दोन वर्षांची आहे. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या. एखादा दिवस अजूनही जड जातो. तसं झालं की मी संध्याकाळपर्यंत थांबत नाही, सकाळीच नवऱ्याला सांगते.