रिकामा बूथ

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. रडू नंतर आलं, आणि आलं ते आवरेना. पण आधी राग. कांजूरमार्गच्या त्याच्या शेजारणीने सकाळी फोन करून सांगितलं की सुरेशभाऊ दार उघडत नाहीत, आणि घाटकोपरहून रिक्षाने तिथे पोचेपर्यंत मी मनात त्याच्याशी भांडत होते. आमचं भांडण अर्धवट राहिलं होतं आणि हा माणूस झोपेत निघून गेला होता. या गोष्टीला आता दीड महिना झाला. लोक भेटायला येतात, तुमचा भाऊ फार सरळ माणूस होता म्हणतात. मी मान हलवते. त्याच्या सरळपणाने माझ्या घराचं काय केलं, ते त्यांना ठाऊक नाही.

दादा रस्त्यांचा माणूस. लग्न केलं नाही, व्यसन नाही, बोलायला विषय एकच. उड्डाणपूल कुणाच्या पैशाने उभा राहतो, कर्ज कोण काढतं, ते फेडायला टोल किती वर्षं घ्यायचा, आणि एकदा फीत कापून झाली की त्या पुलाच्या डागडुजीकडे बघतो कोण. आधी सरकारी खात्यात याच कामावर होता, मग मुदतीआधी निवृत्ती घेऊन शहराच्या वेशीवरच्या एका टोलनाक्याचा मॅनेजर झाला. नातेवाईक तोंडावर 'साहेब' म्हणायचे आणि पाठीमागे 'वसुलीवाला'. त्याचं म्हणणं एवढंच होतं की आपल्यासारख्या देशात सरकारच्या तिजोरीतून सगळे रस्ते होणार नाहीत. मग ज्याने आयुष्यात गाडी घेतली नाही त्याच्या खिशातून पूल बांधण्यापेक्षा गाडीवाल्याने दिलेले बरे. पण याच माणसाने कंपनीच्या साहेबांशी भांडणही काढलं होतं. नाक्यावर मोठा फलक लावा, आजवर किती गोळा झाले आणि अजून किती बाकी ते लोकांना रोज दिसू दे, नाहीतर एक दिवस लोक काचा फोडतील, असं त्याने बैठकीत सांगितलं. फलक काही लागला नाही.

माझा निखिल मामाच्या मांडीवर वाढलेला. कॉलेज संपलं, नोकरीचा पत्ता नाही, आणि पोरगा एका पक्षाच्या शाखेत जाऊन बसायला लागला. रविवारी दादा जेवायला आला की दोघांची जुंपायची. कर्ज फिटून कधीच वर पैसे झालेत, तुम्ही लोकांना लुटता, असं निखिल म्हणायचा. हिशेब मागा, मीही तोच मागतोय, पण नाका बंद करून पूल कोण सांभाळणार ते पण सांगा, असं दादा म्हणायचा. मी मध्ये आमटी वाढायची. एकमेकांना ओरडून शेवटी दोघं एकाच ताटातले तळलेले बोंबील खायचे, त्यामुळे मला त्या भांडणाची कधी भीती वाटली नाही.

अशाच एका जेवणात दादाने गणपतीतली गंमत सांगितली होती. सणाला कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोल माफ असतो. त्यांच्यासाठी कडेची एक लेन वेगळी काढतात, आडवा दांडा दोरीने वर बांधून टाकतात आणि त्या लेनमधला बूथ रिकामा ठेवतात. पैसेच घ्यायचे नाहीत तर आत माणूस कशाला? निखिलने ते ऐकलं होतं.

पुढच्या गणपतीत, चतुर्थीच्या दोन दिवस आधी, भर दुपारी शाखेची पोरं नाक्यावर चालून गेली. हातात सळया, दांडके, तोंडाला रुमाल. दोन बूथ त्यांनी मुळासकट उखडले. एका कर्मचाऱ्याला बाहेर ओढून लाथांनी तुडवलं, त्याच्या बरगड्या मोडल्या. कॅमेरे फोडले. दादा ऑफिसातून धावत आला तर त्याच्या पाठीत दांडका बसला आणि तो गुडघ्यावर पडला. तिथूनच त्याने पाहिलं की एक पोरगा घोळक्यातून बाजूला होऊन एकटाच कडेच्या लेनकडे धावतोय. माफीच्या लेनकडे. त्या पोराला तोडफोड केल्याचं दाखवायचं होतं आणि कुणाला लागू द्यायचं नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी सळई उगारली आणि रिकाम्या बूथची काच फोडली.

बूथ रिकामा नव्हता. भांडुपची अश्विनी नावाची मुलगी आत होती. तिला दोन दिवस ताप होता, सुट्टी घेतली असती तर पगार कापला गेला असता. म्हणून दादानेच तिला तिथे बसवलं होतं, नुसते माफीचे पास बघायला. गोंधळ ऐकून ती खाली दडली होती आणि नेमकी त्या क्षणी बघायला वर आली... काच तिच्या डाव्या डोळ्यात गेली. ती किंकाळी ऐकून सळई धरलेला पोरगा इतका दचकला की त्याच्या तोंडावरचा रुमाल सुटला आणि दादाला माझा मुलगा दिसला.

निखिल घरी आला तो शर्टावर रक्त घेऊन. मी तशीच उठून कांजूरला गेले. दादा पालथा पडला होता, पाठ काळीनिळी. मी त्याच्या पाया पडले. एवढंच म्हण की रुमाल होते, कुणी ओळखू आलं नाही. कॅमेरे नाहीत, दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही, पाहणारा तू एकटाच आहेस. त्याने भिंतीकडे तोंड केलं. रागात किंवा दुःखात असला की तो आईच्या मालवणीत बोलायचा.

"बघलंय ता सगळा सांगतलंय, गो. अर्धा नाय."

पाहिलं ते सगळं सांगणार, हे ऐकून मी त्याला नाही नाही ते बोलले. तुला पोर नाही म्हणून तुला कळत नाही, असंही बोलले. 

आणि त्याने कोर्टात खरंच सगळं सांगितलं. सळई माझ्या भाच्याने मारली, हे सांगितलं. तो बूथ रिकामा असतो हे त्याला मीच सांगितलं होतं, त्याला आत कुणी असल्याची कल्पना नव्हती, हेही सांगितलं. आणि त्या मुलीला तिथे बसवलं मी, बाहेर राखणीला माणूस ठेवला नाही मी, हेसुद्धा सांगितलं. कंपनीचा वकील त्याला शेवटचं वाक्य गाळा म्हणून विनवत होता, कारण ते उच्चारलं की कंपनी अडकणार होती. त्याने गाळलं नाही. कंपनीने त्याला घरी बसवलं. निखिलला दोन-अडीच वर्षं आत काढावी लागली. मधल्या वाक्यामुळे शिक्षा कमी झाली असं आमचा वकील म्हणाला. असेल. पहिलं वाक्य नसतं तर ती झालीच नसती.

निखिल सुटला त्या दिवशी तुरुंगाच्या दारात मी आणि आमचे हे उभे होतो. दादा बोलावलं नसताना आला आणि लांब कडेला उभा राहिला. निखिल बाहेर आला, त्याने आमच्याकडे पाहिलं, मग मामाकडे. सरळ त्याच्याकडे चालत गेला आणि मूठ वळून तोंडावर मारली. दादा मागच्या भिंतीवर आपटला. ओठ फाटला, समोरचा दात तुटून शर्टावर रक्त सांडलं. मी हलले नाही. खोटं कशाला लिहू, मला तेव्हा बरंच वाटलं.

दारावरचा हवालदार पळत आला. सुटल्या सुटल्या पुन्हा आत जायचंय काय, असं निखिलवर खेकसून त्याने दादाला विचारलं, "यानेच मारलं ना?"

"नाही हो. पडलो मी. पायरी दिसली नाही."

हवालदाराने जमिनीकडे पाहिलं. तिथे पायरी नव्हतीच. त्याने पुन्हा विचारलं, दादाने पुन्हा तेच सांगितलं, तोंडातलं रक्त रुमालात धरून. माझ्या भावाला खोटं बोलता येत होतं तर! आणि मग तेव्हा का नाही बोललास रे, हे भांडण मी त्याच्याशी पुढे कितीतरी रविवार केलं. तो यायचा, चहा घ्यायचा, ऐकून घ्यायचा. निखिल त्याची चाहूल लागली की गच्चीवर जायचा. मग कधीतरी जायचा थांबला, पण बोलला नाही. मी दादाला माफ केलं असं लिहायला हवं, असल्या लेखात तसं लिहितात. मी केलेलं नाही. आणि रविवारी चार वाजता आधण ठेवताना हात आपोआप चौथ्या कपाकडे जातो, आणि काढलेला कप मला परत फळीवर ठेवावा लागतो.

दादाने दात काही बसवून घेतला नाही. भिंतीवर लावायला फोटो निवडताना आमचे हे पासपोर्टचा गंभीर फोटो काढत होते. निखिलने तो बाजूला सारला आणि मोबाइलमधला एक मोठा करून आणला. त्यात दादा तोंड भरून हसतोय आणि समोरची ती काळी फट स्पष्ट दिसते. मी म्हटलं, कसा दिसतोय, दुसरा लाव. त्याने ऐकलं नाही, स्वतः खिळा ठोकला.

गेल्या आठवड्यात अश्विनी आली. मी तिला कोर्टानंतर पहिल्यांदाच पाहत होते. डाव्या डोळ्याच्या जागी काचेचा डोळा आहे. दादा दर महिन्याला तिला भेटायला जायचा, हे मला तिच्याकडून तेव्हा कळलं. ती फोटोसमोर बसली, फूल वाहिलं. निखिल आतून पाणी घेऊन आला आणि तिला बघून दारातच उभा राहिला.

"सर किती हसतायत," ती म्हणाली. "तो दात ना... मला म्हणाले होते, पायरीवरून पडले."

मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

"मामा पडला नव्हता," निखिल म्हणाला. "मी पाडला."

अश्विनीने मान पूर्ण डावीकडे वळवली, त्या बाजूचं तिला तसंच बघावं लागतं, आणि माझ्या मुलाकडे पाहिलं.  निखिलने मान खाली घातली नाही. माझा भाऊ तिच्याशी एकदाच खोटं बोलला होता, आणि ते माझ्या पोरासाठी.