गावाने उचललेला मुखडा

सोनकच्छच्या पुढे, गहू कापून झालेल्या एका शेतात शास्त्रीय संगीताचा समारोह होतो, हे ऐकल्यापासून मला एकच कुतूहल होतं: तिथे ऐकायला बसतं कोण? आम्ही देवासची मराठी मंडळी गाड्या करून जाणार, एकमेकांच्याच डोलणाऱ्या माना बघून परत येणार, असा माझा कयास.

यंदा जाणं भागच होतं. थोरली बहीण गाणार होती, घशाच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. "दम पुरला नाही तर यापुढे गाणं बंद," असं तिने मला बजावलं होतं.

सकाळी पोचलो तर ताडपत्रीवर अख्खं गाव. शेजारची म्हातारी लसूण सोलत बसली होती. मला राहवेना. "बाई, ये गाना समझ में आता है?"

"पेलां सुणवा तो दो," ती म्हणाली. आधी ऐकू तर द्या, म्हणे.

ताईने तोडी सुरू केली. बंदिशीचा मुखडा फिरून आला, तसा मागून कुणीतरी तो उचलला. मग पुढची सगळी रांग गाऊ लागली. इकडे निर्गुणी भजनात गाणारा टेक म्हणतो आणि बसलेले ती झेलतात. ख्यालालाही त्यांनी तेच केलं! आमची मंडळी शुक शुक करू लागली. एक काका तर उठलेच, "भिया, चुप रो, ये भजन नी है!" मलाही भयंकर राग आला होता.

ताईने काकांना हाताने बसवलं आणि लांब तान घेतली. मध्येच दम तुटला. तोच गावाने मुखडा उचलला, जाडाभरडा, थोडा बेसूर, आणि नीट समेवर आणून ठेवला. तेवढ्यात ताईने श्वास भरून घेतला. पुढे ती मुद्दामच मुखडा त्यांच्यावर सोडू लागली. मी चक्क रडले.

गाणं संपल्यावर म्हातारीला विचारलं, "उनकी साँस टूटी थी, पता चला आपको?"

"नी तो," ती पदरातली सालं झटकत म्हणाली. "गावा वाली के हम एकली नी छोड़ां." गाणारीला एकटी सोडत नाहीत म्हणे.

परतताना काका बेशिस्तीवर बोलत राहिले. ताई खिडकीशी गुणगुणत होती. मुखड्याशी येऊन ती थांबली. गाडीत कुणीच पुढे होईना. मग मीच तो उचलला, जिला जन्मात कधी सूर सापडला नाही.