वेल्डिंगशेजारची भोकं

लढाई नुकतीच संपली होती आणि नगरबाहेरच्या फायरिंग रेंजवर सराव जोरात चालू होता. आधी रायफलीचा बार, मग क्षणभरानं लांबून पोलादाचा ठणठणाट. तो आवाज आठवला की मला अजून बरं वाटतं. नेमबाजीची ती पोलादी निशाणं आमच्या लष्करी वर्कशॉपमध्ये तयार व्हायची. मी तिथे हंगामी वेल्डर होतो. चोविशीचा, तापट, आपल्याइतकं शहाणं कोणी नाही असं मानणारा. माझं निशाण रेंजवरच्या सुभेदारसाहेबांना पसंत पडलं तर मी कायम होणार होतो.

आमचे मिस्त्री घोडेगावकडचे, मूळचे लोहार. कडक पोलादाची प्लेट ते चापात धरून बोल्टनं आवळायचे आणि वरची कड जरा पुढे झुकवून टांगायचे, म्हणजे गोळीचे तुकडे जमिनीत जायचे. मला ते चाप गावठी वाटायचे. मी माझ्या प्लेटला सरळ दोन हूक वेल्ड केले.

"आरं, जाळ लागला की पोलादाचं पानी उतरतं, ते मऊ पडतं," मिस्त्री म्हणाले.

"ते विळ्या-कुऱ्हाडीचं झालं, मिस्त्री," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दोन्ही प्लेटा शेजारीशेजारी टांगल्या. फायरिंग थांबल्यावर आम्ही जवळ जाऊन पाहिलं. मिस्त्रींच्या प्लेटवर नुसते शिशाचे करडे डाग होते; अंगठा फिरवला तरी खळगा लागत नव्हता. माझ्याही प्लेटच्या मधोमध तसेच डाग होते. पण हुकांखाली, वेल्डिंगचा जाळ पोचला होता तेवढ्याच भागात, पाच भोकं आरपार.

"हे ज्याचं काम असेल त्याला काढा," सुभेदारसाहेब म्हणाले. "दुसरा माणूस बघा."

मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "दुसरा नगं, सायेब. त्यो आला तर त्योबी एक प्लेट वाया घालवंल. ह्याची घालवून झालीया."

साहेबांना हसू आलं. मिस्त्रींच्या शब्दावर मी कायम झालो.

पुढे तीस वर्षं त्या नोकरीवर माझं घर चाललं. पण त्या संध्याकाळी मिस्त्रींबरोबर सायकलीवरून परतताना 'मिस्त्री, तुमचं बरोबर होतं' हे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. उद्या बोलू, उद्या बोलू म्हणता म्हणता ते निवृत्त होऊन गावी गेले. शेवटी मी त्यांच्या गावी गेलो, तेव्हा ओट्यावर त्यांची बायको एकटीच बसली होती, मोकळ्या कपाळानं.