शनिवारचा पगार आणि सव्वादोनचं गुणोत्तर

पिरंगुटला आमचं पुठ्ठ्याची खोकी बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. मी आणि माझे धाकटे दीर भागीदार. मी याद्या करते, ते खरेदी करतात.

मागच्या वर्षी सीएंनी ताळेबंद दाखवून अभिनंदन केलं. वर्षभरात ज्याचा पैसा होईल ते एकीकडे, वर्षभरात द्यायचं ते दुसरीकडे. पहिलं दुसऱ्याच्या सव्वादोन पट. म्हणजे धंद्याची प्रकृती उत्तम. मी परत येऊन शनिवारची यादी काढली. सहा बायकांचा पगार, आणि बँकेत त्याच्या निम्मेही पैसे नाहीत. इतकी उत्तम प्रकृती असून उठून बसता न येणारा रोगी मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग जमेच्या बाजूतून माल वजा करून पाहिला. सव्वादोन पट सोडाच, जे द्यायचं त्याच्या निम्म्याहून जरासंच जास्त उरलं. हा माल म्हणजे एका गिऱ्हाइकाचं नाव छापलेली खोकी. भाव स्वस्त पडतो म्हणून दिरांनी वर्षाची एकदम छापून घेतली, आणि गिऱ्हाइकाने तिसऱ्या महिन्यात नावच बदललं. तेव्हापासून आमचं खेळतं भांडवल ताडपत्रीखाली, उंदरांच्या ताब्यात.

"वहिनी, माल हाय की," दीर म्हणाले. "माल म्हंजी पैसाच."

"मग शनिवारी प्रत्येकीला शंभर खोकी देऊ."

कटिंगवरची सगळ्यात जुनी बाई हात न थांबवता म्हणाली, "चालंल ताई. किराणावाला सुटं देतोय का, तेवढं इचारा."

दीर चहा प्यायला गेले.

शुक्रवारी मी रद्दीवाल्याचा टेम्पो बोलावला. टेम्पो भरेपर्यंत दीर शेजारी उभं राहून एकेका खोक्याला किती खर्च आला ते सांगत होते. रद्दीवाला किलोत मोजत होता. खर्चाच्या पाचव्या हिश्शात सगळं गेलं. शनिवारी चारला पगार झाले आणि थकलेलं वीजबिलही भागलं.

खोकी गेल्यावर गुणोत्तर एकच्या खाली आलं. बँकेतले साहेब काळजीत पडले. "मॅडम, आधी किती छान होतं."

"हो. फक्त पगार होत नव्हते."

त्यांनी कर्जाची मर्यादा कमी केली. त्यामुळे आता दहा दिवसांपुरताच कागद येतो. दीर सारखे टेम्पो घेऊन जातात आणि आल्यावर डिझेलचा खर्च मला ऐकवतात. मी ऐकून घेते. पगार तेव्हापासून एकाही शनिवारी चुकलेला नाही.